वीणा खाली ठेवायची नाही

आमच्या कॉलनीत एक ओपन स्पेस आहे. विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यानं आत वळलं की घरांच्या मधोमध ती जागा लागते. लेआउटच्या नकाशात तिथं बगीचा आहे, लेकरांना घसरगुंडी आहे, म्हाताऱ्यांना बाकडी आहेत. प्रत्यक्षात कधी कुणाच्या बांधकामाची वाळू, कधी कुणाच्या साखरपुड्याचा मंडप, कधी नगरसेवकाचा वाढदिवस. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण ह्या जागेचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, कारण दरवर्षी इथंच सप्ताह बसतो, आणि तो सप्ताह माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केला.

सप्ताहाचा जीव असतो वीणा. कीर्तन संपतं, पंगत उठते, लोक घरी जातात, पण वीणा चालूच. एक माणूस ती गळ्यात घालून उभा राहतो, तार छेडत नाम घेतो. त्याची पाळी संपली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ह्याला पहारा म्हणतात. घेणारा आला नाही तर देणाऱ्यानं उभंच राहायचं. वीणा खाली ठेवायची नाही. भुईवर नाही, चटईवर नाही, बाजेवर नाही, खुर्चीवर नाही. काल्याच्या कीर्तनापर्यंत ती माणसाच्या अंगावरच राहिली पाहिजे.

आणि अजून एक नियम, जो कुणी सांगत नाही पण सगळ्यांना ठाऊक असतो. आमच्यात बाईनं वीणा घ्यायची नाही. आता गंमत बघा, वीणा स्वतः बाई. ती वीणा, तिला नमस्कार, तिची पूजा. पण बाईच्या गळ्यात चालत नाही. का चालत नाही, हे मी परकर घालत होते तेव्हापासून विचारून राहिले. अजून कुणी धड उत्तर दिलेलं नाही.

दुसरीकडं म्हणे बाया वीणा घेतात. असतील. मी आमचं सांगतेय.

ही वीणा अण्णांच्या गावची. किल्लारीच्या बाजूचं गाव आमचं. अण्णा मास्तर, नोकरीमुळं आम्ही नांदेडला होतो म्हणून भूकंपात वाचलो. गाव गेलं, थोरले काका गेले. काका गावच्या सप्ताहाचे विणेकरी होते आणि वीणा त्यांच्या माळवदाच्या घरात खुंटीला टांगलेली असायची. घराचा मातीचा ढीग झाला. त्या ढिगातून वीणा कुणी काढली? काकूनं. नवऱ्याला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ढिगावर बसली आणि नखं फुटेस्तोवर माती उकरत राहिली. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. भोपळ्याला एक तडा गेला होता, तेवढाच. मग पत्र्याच्या शेडात राहत असताना तिनं ती उशाशी ठेवली. अण्णा भेटायला गेले तेव्हा त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "भाऊजी, घेऊन जा. माझ्याच्यानं बघवत न्हाई."

अण्णा एसटीत मांडीवर घेऊन आले ती वीणा. आईला म्हणाले, एकदा मातीत गेली होती, आता हिला भुई लागू देणार न्हाई.

आमची कॉलनी तेव्हा नवी होती. ओपन स्पेसवर बाभळी होत्या आणि डुकरं होती. अण्णांनी चार शेजारी गोळा केले, बाभळी तोडल्या, एक ताडपत्री, भाड्याच्या दोन सतरंज्या, आणि सप्ताह बसवला. माइक सुद्धा नव्हता. कुणाची परवानगी काढली नव्हती. अण्णा म्हणायचे, "परवानगी कशाची? सार्वजनिक जागा हाय. सगळ्यांची हाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत सुद्धा म्हणेन.

मला अभंगांच्या सगळ्या चाली पाठ. बायकांच्या बाजूला बसून मी सूर ओढून धरायची, तेव्हा पुरुषांची चाल जाग्यावर यायची. पखवाजवाले काका मान माझ्याकडं वळवून ठेका धरायचे. आणि वीणा? वर्षभर ती आमच्या घरात असते. तिला पुसते मी. भोपळ्याच्या तड्यात मेण भरते मी. तार तुटली की नवी चढवते मी, आणि सुरात लावते पण मीच, कारण अण्णांचे कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवते, घरी येते, वीणा मांडीवर घेते. घरात चालतं सगळं. ओपन स्पेसवर पाऊल ठेवलं की चालत नाही.

एका वर्षी मी स्पष्टच मागितलं. स्वयंपाकघरात ते शेंगा फोडत बसले होते.

"अण्णा, ह्या वर्षी एक पहारा मला द्या. दुपारचा द्या, जेव्हा कुणी नसतंय."

ते शेंग हातात धरून तसेच राहिले. म्हणाले, "माय, दुसरं काय बी माग."

"काकूनं ढिगातून काढली तेव्हा तिचे हात चालले?"

"ती येळ येगळी होती."

म्हणजे संकटाला बाई चालते, सप्ताहाला नाही. मी ताट उचललं आणि आत गेले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला, साखर विसरले, आणि मी तो मुकाट प्याले. विषय तिथंच राहिला, पण मी तो सोडला नव्हता. मला ती वीणा एकदा त्या जागेवर गळ्यात घालायची होती. चारचौघांत, उजेडात. बस, एवढंच. कुणाचं काही काढून घ्यायचं नव्हतं.

मग आला नगरसेवक. आमच्या वॉर्डातूनच निवडून आला होता, गळ्यात चेन, बोलायला मऊ. अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, किती दिवस ताडपत्रीत बसणार? आपण मोठं करू." अण्णा विरघळले. मास्तर माणूस, पाया पडलं की विरघळतो. पुढच्या वर्षी सप्ताहाचा झाला 'भक्तिसंगीत महोत्सव'. कमान आली, स्टेज आलं, डोक्याएवढे भोंगे आले, स्क्रीन आला, वरून घोंघावणारा ड्रोन आला. बॅनरवर नगरसेवक हात जोडून उभा, आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे, अण्णा. 'मार्गदर्शक'. खांबांसाठी जमिनीत असे खड्डे पाडले की नंतर वर्षभर लेकरं त्यात पाय मुरगाळून घेत राहिली. मुरूम टाकला, तोही कच्चा. बगीचा नकाशातच राहिला.

वीणा पूर्वी मंडपाच्या मधोमध असायची. आता ती स्टेजच्या मागं गेली, जनरेटरच्या बाजूला. का, तर व्हिडिओवाल्याला मधे येते. मी अण्णांना म्हणाले, "तुमच्या वीणेला न्हाणीच्या दारात उभं केलं की हो." ते म्हणाले, "देवाला पुढं काय अन् मागं काय." उचलली जीभ, लावली टाळ्याला. देवाला नसेल, पण पहारेकऱ्यांना होतं. पुढं असताना लोक दिसायला म्हणून का होईना पाळीला यायचे. मागं गेल्यावर कुणाला वेळ नाही, कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या घरी पाव्हणे.

त्याच सुमाराची गोष्ट. कॉलनीच्या खालच्या अंगाला बौद्ध कुटुंबं राहतात. त्यातली एक ट्रेझरीत आहे, माझी मैत्रीण, आम्ही एका बसनं जायचो. एप्रिलमधल्या जयंतीला त्यांना गाण्यांची एक संध्याकाळ करायची होती. गायक त्यांच्यातलेच, पेटी त्यांचीच. फक्त जागा पाहिजे होती. तर ती रीतसर घरी आली, सप्ताहाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून अण्णांना विचारायला. मी आत चहा टाकत होते आणि कान बाहेर होता.

अण्णा म्हणाले, "बाई, जागा सगळ्यांची हाय म्हणून तर अडचण हाय. एकाला दिली की सगळे मागतील."

ती हसली. "गुरुजी, सगळ्यांची हाय तर सगळे मागणारच की."

अण्णा म्हणाले, समितीत ठेवतो. समितीत ठेवलं म्हणजे काय झालं ते सांगायला नको. त्यांनी शेवटी त्यांच्या गल्लीत, अर्धा रस्ता अडवून कार्यक्रम केला. मी गेले होते. काय गायल्या त्या बाया! माइक हातात घेऊन, पदर खोचून, मान वर करून. कुणी म्हणालं नाही की बाईनं हे धरू नये, ते धरू नये. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला पोलीस आला, रहदारीला अडथळा होतोय म्हणाला. आणि शंभर पावलांवर ओपन स्पेस रिकामं, अंधारात, कुत्री लोळत असलेलं. मला इतकी लाज वाटली की मैत्रिणीकडं बघवेना. तीच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "अगं, तुझी मागणी बी तिथंच अडकली अन् माझी बी. तू निदान घरातली हायस." तिला वाटलं मला बरं वाटेल.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या वर्षीचा सप्ताह. शनिवार होता, सकाळची शाळा. त्या संध्याकाळी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतला कुणी गायक येणार होता आणि तो दुपारीच आला, साउंड चेकला. अख्खी कॉलनी त्याच्या गाडीभोवती. मी शाळेतून घरी आले, हातपाय धुतले, धुतलेली साडी नेसले आणि अण्णांसाठी ताक घेऊन मैदानात गेले.

स्टेजच्या मागं, जनरेटरच्या धगीत, अण्णा एकटे उभे होते. वीणा गळ्यात. टोपी घामानं भिजलेली, ओठ हलतायत पण आवाज नाही. त्यांच्यानंतरची पाळी एका रिटायर तलाठ्याची. तो तिकडं गायकाबरोबर फोटो काढत होता, मी येताना बघितलं होतं त्याला.

"कवापासून उभे हाव?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माय, कुणाला तरी बोलव. मला जायाचंय."

अण्णांना शुगर आहे. लघवी धरवत नाही. त्यांचे पाय एकमेकांवर दाबलेले मी बघितले. ज्या माणसानं ही जागा बाभळी तोडून मोकळी केली, तो तिथंच धोतर ओलं होईल म्हणून थरथरून राहिला होता, आणि पलीकडं भोंग्यातून "हॅलो चेक, हॅलो चेक" चाललं होतं.

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला. चप्पल काढली. पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पुढं केले.

"द्या अण्णा. जाऊन या. मी उभी राहते."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. खरंच बघितलं. मला वाटलं, देतात. आता देतात. माझ्या हातांना त्या वजनाची सवय होती, ते आधीच घ्यायला वळले होते.

आणि अण्णा माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "ए बाबा, हिकडं ये."

मागं जनरेटरवाला बसला होता. लोहा तालुक्यातला कुणी, सप्ताहाशी त्याचा संबंध डिझेलपुरता. एक हात तुटलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. गाल फुगलेला, तोंडात गुटखा. हातावर कोपरापर्यंत अन् पायांवर काळं ऑइल.

"थुंकून ये. चप्पल काढ. हे गळ्यात घाल अन् हुबा ऱ्हा, मी आलोच."

तो बिचारा गोंधळला. थुंकून आला, हात पँटला पुसले, आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "गुरुजी, ताई हायत की. त्यांस्नी द्या. मला ह्यातलं काय बी येत न्हाई."

"तुला सांगितलं तेवढं कर."

आणि अण्णा त्याच्या पाया पडले. नियमच आहे, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. माझा बाप त्या ऑइलच्या पायांना हात लावून, वीणा त्याच्या गळ्यात घालून, शेजारच्या घरांच्या भिंतींना धरत धरत घराकडं गेला. माझे हात पुढंच होते. ते खाली कधी घेतले ते मला आठवत नाही.

त्या पोरगेल्या माणसाचा मला राग नाही. वीणा त्यानं बाळाला धरावं तशी धरली होती, घाबरून. तार छेडायची असते हे त्याला माहीत नव्हतं. मी तिथून निघून जायला पाहिजे होतं, पण गेले नाही. तो म्हणाला, "ताई, धरा ना तुम्ही. गुरुजी येईस्तोवर. मी कुणाला सांगत न्हाई."

मी म्हणाले, "नको."

"का हो?"

"मला लपून नको होती."

त्यानं वीणा जरा वर सरकवली. मग मला बरं वाटावं म्हणूनच असेल, म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. ह्याचं काय एवढं खरं न्हाई. रोज रात्री ह्या खुर्चीवरच असतीया ही. धराया कुणीच येत न्हाई. मीच वरून टॉवेल टाकतो, दव पडतंय म्हणून."

मी त्या लाल खुर्चीकडं बघितलं. बसायच्या जागेवर डिझेलचा डाग होता. अखंड म्हणे. सात दिवस खाली ठेवायची नाही म्हणे. अरे, मग मला काय वेड लागलं होतं म्हणून मी इतकी वर्षं हात पसरले?

अण्णा परत आले. धोतर बदललेलं होतं, म्हणजे पोचले नव्हते वेळेवर. त्यांनी वीणा परत घेतली, जनरेटरवाल्याच्या पुन्हा पाया पडले, आणि तलाठी आला तोवर उभे राहिले. मी ताक त्या जनरेटरवाल्याला दिलं.

रात्री त्या गायकाच्या कार्यक्रमाआधी अण्णांना स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. नगरसेवकानं माइक त्यांच्या तोंडापुढं धरला. अण्णा म्हणाले, "ह्या जागेवर एवढ्या वर्षांत वीणेला कधी भुई लागली न्हाई. ही जागा सगळ्यांची हाय अन् सगळ्यांनी ती अंगाखांद्यावर वागवली." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं जास्त पडल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी काला झाला, वीणा घरी आली. संध्याकाळी अण्णा ओट्यावर चहात टोस्ट बुडवून खात बसले होते. मला वाटलं होतं, सांगायचं नाही. म्हातारा माणूस, ज्याच्यावर आयुष्य काढलं ते खोटं निघालं तर कोसळेल. पण माझ्यानं राहवलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांना कोसळताना बघायचं होतं.

"अण्णा, रात्री वीणा खुर्चीवर असते म्हणे. त्या जनरेटरवाल्याच्या."

त्यांनी टोस्ट खाल्ला. बशीतला चहा संपवला.

"माहीत हाय," ते म्हणाले. "काकड्याच्या टायमाला मीच उचलतो की तिला."

मी म्हणाले, "म्हणजे खुर्ची चालते?"

"खुर्चीला काय कळतंय, माय," अण्णा म्हणाले, आणि बशी माझ्या हातात दिली.

बशी विसळताना मी रडले. मोठ्यानं रडले, नळ सोडून. इतक्या वर्षांत मला वाटत होतं की नियम मोठा आहे आणि आमचे अण्णा त्याच्यापुढं लहान. नियम त्यांनी केव्हाच सोडला होता. वीणा फक्त मला द्यायची नव्हती.

ह्या वर्षीचा सप्ताह परवा बसतोय. मैदानात खड्डे पाडायचं काम चालू आहे, कमान उभी राहिली आहे. अण्णा सकाळपासून वीणा पुढ्यात घेऊन बसलेत. एक तार तुटलीय, दुसरी उतरलीय. ते खुंटी पिळतात, कान भोपळ्याला लावतात, पुन्हा पिळतात. लागत नाही. लागणार नाही. मला हाक मारत नाहीत, पण खुंटी पिळून झाली की दर वेळी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघतात.

मी भाजी निवडून राहिले. सूर कुठं चुकतोय ते इथून मला नीट ऐकू येतंय.